मनमाड : रुळांवर वसलेल्या गावाचा अभ्यास

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, राजवाडे आणि लढाया उभ्या राहतात. ज्या गावात राजवाडा नाही, त्या गावाला इतिहासही नाही असा एक समज शाळेपासून रुजलेला असतो. प्रस्तुत लेखात अशाच एका गावाचा विचार करावयाचा आहे. मुंबईहून नागपूर, दिल्ली, नांदेड किंवा शिर्डीकडे जाणाऱ्या असंख्य प्रवाशांनी हे गाव पाहिले आहे ते फक्त फलाटावरून, चहाचा पेला हातात धरून. या लेखकानेही मनमाडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत कित्येक रात्री काढल्या आहेत. परंतु फलाटाबाहेरचे मनमाड फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या समाजाच्या दृष्टीने तर या गावाचे स्थान विशेष आहे, कारण १२ व १३ फेब्रुवारी १९३८ या दोन दिवशी येथे जे घडले, ते भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण लिहावे असे आहे.

गावाची जागा

मनमाड हे नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात, मुंबईपासून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ८० हजार. म्हणजे तालुक्याच्या गावापेक्षा हे गाव मोठे, पण तालुका मात्र नांदगाव! रेल्वेने वाढवलेल्या गावांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. कचेऱ्या जुन्या गावात राहतात आणि माणसे नव्या गावात जातात.

गावाच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराची रांग आहे. तिच्यात अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि त्यांच्याजवळच अंगठा उभा धरल्यासारखा दिसणारा हडबीची शेंडी हा सुळका आहे. गाडीतून जाणाऱ्या लहान मुलांना तो सुळका दाखवण्याची या भागात जणू प्रथाच आहे. अंकाईचा किल्ला १६३५ मध्ये शहाजहानच्या सैन्याने घेतला आणि १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तुकडीपुढे तो लढाईवाचून इंग्रजांच्या हाती गेला. टंकाईच्या पोटात कोरलेली जैन लेणी आहेत.

याच रांगेतील खिंडीतून दक्षिणेकडे उतरले की गोदावरीचे खोरे लागते, आणि उत्तरेकडे गिरणेचे खोरे. पांझण ही मनमाडची नदी गिरणेला मिळते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याची ही वाट असल्यामुळेच पुढे येथे रेल्वेचे फाटे फुटले. नुसता नकाशा पाहिला तर मनमाड हे जंक्शन का झाले ते कळत नाही. डोंगर पाहिला की कळते.

रूळ आले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. त्यानंतरची हकिकत मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जी.आय.पी. कंपनीला कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा थळ घाट चढवायला फार काळ लागला. घाटाचे काम पुरे होऊन तो मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. पण घाटाच्या वरच्या अंगाला रूळ त्याआधीच पडले होते. इगतपुरी ते नाशिक आणि पुढे मनमाडवरून चाळीसगावपर्यंतचा भाग १८६१ मध्येच तयार झाला. म्हणजे काही वर्षे घाटाखाली एक रेल्वे आणि घाटावर दुसरी, आणि मधला चढ बैलगाड्यांनी व पायी, अशी स्थिती होती. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले.

तोवर मनमाड हे वाटेवरचे एक साधे स्थानक होते. त्याचे भाग्य पालटले ते दौंड-मनमाड मार्गाने. मुंबईहून एक लोहमार्ग ईशान्येकडे भुसावळला आणि दुसरा आग्नेयेकडे पुणे-दौंडवरून सोलापूरला जात होता. या दोघांना जोडणारी आडवी दोरी म्हणजे दौंड-मनमाड. हा मार्ग १८७८ मध्ये खुला झाला. वर्ष लक्षात ठेवावे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ, आणि या मार्गाचे मातीकाम दुष्काळी कामावर आलेल्या माणसांच्या हातून झाले. रेल्वेचे श्रेय इंजिनियरांना देण्याची आपली सवय आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून जाणाऱ्या या मार्गाचा भराव मात्र उपाशी माणसांनी घमेल्याने उचललेला आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

तिसरा फाटा निजामाच्या राज्यातून आला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे हा सिकंदराबादपासून मराठवाड्यातून मनमाडपर्यंतचा सुमारे ३९० मैलांचा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद हे कापसाचे मुलूख त्यामुळे मुंबईला जोडले गेले. परंतु हा मार्ग मीटर गेज होता, आणि जी.आय.पी.चा ब्रॉड गेज. एकाच्या रुळांत अंतर १ मीटर, दुसऱ्याच्या रुळांत साडेपाच फूट. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हता. परिणामी मराठवाड्यातून आलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे. मुंबईहून औरंगाबादला जाणारा विद्यार्थी मध्यरात्री वळकटी डोक्यावर घेऊन मनमाडला फलाट बदलत असे. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे रेल्वेने शिकायला जाणाऱ्या खानदेश-नाशिककडील आपल्या पहिल्या पिढीतील मुलांची वाट हीच होती.

रुळांच्या रुंदीतील हा फरक कंपन्यांना गैरसोयीचा होता, पण मनमाडच्या हमालाची चूल त्यावरच पेटत होती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात औरंगाबादचा मार्ग ब्रॉड गेज झाला आणि गाड्या थेट जाऊ लागल्या. प्रवाशाची सोय झाली. ओझे उतरवणाऱ्याचे काय झाले, याची नोंद मात्र रेल्वेच्या अहवालात शोधून सापडायची नाही.

रेल्वेवर जगणारे गाव

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मनमाडला रेल्वेचा मध्यवर्ती अभियांत्रिकी कारखाना उभा राहिला. पुलांचे लोखंडी गर्डर येथे तयार होतात. पुढे अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे गावाजवळ झाली आणि आशियातील मोठ्या धान्यसाठ्यांत त्यांची गणना होऊ लागली. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आले. शीख बांधवांचा गुप्तसर गुरुद्वारा नांदेडच्या यात्रेकरूंचा विसावा झाला. कारखाना, गोदाम, डेपो, गुरुद्वारा यांपैकी प्रत्येक गोष्ट येथे आहे ती रूळ येथे आहेत म्हणून.

एक गोष्ट तेवढी रुळांनी आणली नाही, ती म्हणजे पाणी. पांझण ही पावसाळी नदी. वाघदर्डीचे धरण आणि पालखेडच्या कालव्याचे आवर्तन यांवर गावाची तहान अवलंबून राहिली, आणि नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येणे मनमाडकरांच्या अंगवळणी पडले. सोयरीक जुळवताना मुलीचे वडील आधी पाण्याची चौकशी करतात, असे येथे विनोदाने म्हणतात. विनोद तसा कडवटच आहे.

रेल्वेने येथे नाना भाषांची आणि धर्मांची माणसे आणली. त्याच वेळी आपल्या समाजातील हजारो माणसे गावकी सोडून रेल्वेच्या कामाला लागली. वतनाची बलुते-भाकर आणि वेठ टाकून महिन्याच्या पगाराची नोकरी धरणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण रेल्वेत शिरल्यावर जात बाहेर राहिली काय? हा प्रश्न आपल्याला थेट १९३८ मध्ये आणून सोडतो.

रेल्वे आणि अस्पृश्यता

त्याआधी दोन घटना सांगणे आवश्यक आहे. दोन्ही परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आहेत आणि दोन्ही रेल्वे स्थानकांशी निगडित आहेत.

पहिली १९०१ ची. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. स्वच्छ कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. ती महार आहेत असे कळताच तो मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर गाडी मिळाली.

दुसरी १९२९ ची, चाळीसगावची. चाळीसगाव हे मनमाडच्या पुढचे जंक्शन, तेथून धुळ्याला फाटा जातो. मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगावच्या बांधवांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्थानकावरून त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याला पायी नेणे बरे नव्हे म्हणून बांधवांपैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, ही गोष्ट त्या दिवशी आपल्याला नव्याने कळली, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे.

हे दोन्ही प्रसंग प्रवाशाचे आहेत. रेल्वेत नोकरी करणाऱ्याची अवस्था काय होती?

१९३८ ची मनमाड परिषद

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला होता. १९३७ च्या निवडणुकीने तो मुंबई विधिमंडळात पोहोचला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. पुढच्याच महिन्यात मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते.

मनमाडच का? मुंबई, भुसावळ, दौंड अशा तिन्ही बाजूंच्या कामगारांना एका गाडीने येता येईल असे हे ठिकाण. शिवाय या मुलखात चळवळीची मशागत आधीच झालेली होती. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते त्यातून तयार झाले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली. येवला हे दौंड-मनमाड मार्गावरचेच स्थानक आहे, मनमाडपासून जेमतेम २५ किलोमीटर.

या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की या देशातील कामगारांना दोन शत्रूंशी सामना करावयाचा आहे, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, असा खुलासाही त्यांनी केला. एवढा भाग आपल्या व्याख्यानांतून नेहमी सांगितला जातो. परंतु त्याच भाषणात रेल्वेच्या नोकऱ्यांची जी चिकित्सा आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते भाषणाचा कणा तोच आहे.

त्या चिकित्सेचा सारांश असा. रेल्वेत अस्पृश्य कामगार बहुसंख्येने गँगमन आहे. गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर का नेमत नाहीत? कारण पोर्टर हा कागदावर स्थानकाचा नोकर असला तरी प्रत्यक्षात स्टेशनमास्तरच्या घरचे काम करतो, पाणी भरतो. अस्पृश्याकडून पाणी कसे भरून घ्यायचे? पोर्टरची जागा बंद झाली की तिच्यावरून पुढे चढण्याची शिडीही बंद झाली. कारखान्यातही तीच कथा, कुशल कारागिराची जागा त्याला लाभत नाही. कापडगिरण्यांत जसे विणकाम खाते त्याला बंद होते, कारण धागा तुटला की तो तोंडाने ओढावा लागे, तसेच हे.

या विश्लेषणाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. रेल्वेच्या नियमपुस्तकात अस्पृश्याला पोर्टर करू नये असे लिहिण्याची गरजच नव्हती. स्टेशनमास्तरच्या घरातला पाण्याचा माठ नियमाचे काम करीत होता. कंपनी इंग्रजी, इंजिन विलायती, पगार रोखीचा. तरीही गावातली जात रुळांवर चढून बसली होती. कामगार तेवढे सगळे एक, असे सांगणाऱ्या त्या काळच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांचा प्रश्न होता तो हाच. एक कामगार दुसऱ्याची वाट अडवीत असेल तर ऐक्य कशाच्या बळावर टिकणार? जात बाजूला ठेवून ऐक्य होणार नाही, ती उपटून काढल्यावर होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते कामगारांत फूट पाडतात हा आरोप किती उथळ होता, हे त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला दिसले. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या मुंबईतील संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते.

मनमाडचे गाऱ्हाणे तेथेच विरले नाही. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ८.३३ टक्के जागा राखण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. राखीव जागा संविधानाने अचानक आणल्या असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांनी या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात.

गँगमन म्हणजे काय

शहरातल्या मुलांना हा शब्द आता परका झाला आहे. रुळांच्या ठरावीक लांबीची देखभाल करणारी टोळी म्हणजे गँग, तिच्यावर मुकादम, आणि त्याच्यावर परमनंट वे इन्स्पेक्टर. पहार, घण, टिकाव, घमेले ही हत्यारे. रुळांखालची खडी ठासणे, सरकलेला रूळ सगळ्यांनी मिळून पहारीने जागेवर आणणे, स्लीपर बदलणे ही कामे. गँगपैकीच एकजण चावीवाला. तो रोज आपल्या हद्दीतून पायी चालत सुटलेल्या चाव्या ठोकत जातो. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते, हातात कंदील आणि कमरेला फटाके. रूळ वाहून गेलेला दिसला तर पुढे धावत जाऊन रुळांवर फटाके लावायचे, म्हणजे चाकाखाली आवाज होऊन चालक गाडी थांबवतो. हजार माणसांचा जीव या एका माणसाच्या डोळ्यांवर असतो आणि त्याचा चेहरा त्या हजारांपैकी एकानेही पाहिलेला नसतो. पुढे पदनाम बदलून ट्रॅकमन व ट्रॅक मेंटेनर झाले, यंत्रे आली, बरेच काम कंत्राटाने होऊ लागले. पहार आणि पायपीट मात्र संपलेली नाही.

परिसरातील अभ्यासस्थळे

मनमाड मुक्कामी धरून आसपास पाहिले तर बौद्ध संस्कृतीच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल इतके साहित्य आहे. पश्चिमेस नाशिकची त्रिरश्मी लेणी, ज्यांना पांडवलेणी असे चुकीचे नाव पडले. तेथील उषवदाताच्या शिलालेखात भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यांतील २,००० विणकरांच्या श्रेणीकडे होती, दरमहा शेकडा १ व्याजाने. सुमारे १९०० वर्षांपूर्वी विणकरांची संघटना बँकेसारखी ठेव घेत होती आणि तिची पत राजघराण्यालाही मान्य होती! पूर्वेस चाळीसगावच्या डोंगरापलीकडे पितळखोरा आहे. तेथील लेखांत पैठणच्या सुगंधी द्रव्याच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. पैठणकडून उत्तरेस जाणारा व्यापार या डोंगरवाटांनी चाले. पुढे रेल्वेने जे घाट आणि खिंडी निवडल्या, त्या अशाच जुन्या वाटांच्या शेजारच्या आहेत. वेरूळ आणि अजिंठा यांच्याविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. येवल्याची मुक्तिभूमी तर सर्वांना ठाऊकच आहे, परंतु तेथे जाणारी बहुतेक मंडळी मनमाडला उतरून तशीच पुढे जातात.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग मंजूर केला. म्हणजे मनमाडला आणखी एक फाटा फुटणार. पुन्हा मातीकाम होईल, पुन्हा माणसे लागतील.

संस्थेच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एक काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, भुसावळ येथील आपल्या वस्त्यांतून निवृत्त रेल्वे कामगारांच्या घरी जावे. पुष्कळ घरांत आजोबांची नोकरीची कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत असतात. त्यांतून तीनच गोष्टी उतरवाव्यात : कोणत्या साली लागले, कोणत्या पदावर लागले आणि कोणत्या पदावरून निवृत्त झाले. १९३८ पूर्वी लागलेले, १९४३ नंतर लागलेले आणि स्वातंत्र्यानंतर लागलेले असे तीन रकाने करावेत. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात ज्यांची नोकरी गेली किंवा खंडित झाली, त्यांची नोंद वेगळी ठेवावी. आजी हयात असतील तर रेल्वेच्या चाळीत पाण्याचा नळ कोणाकोणाचा वेगळा होता, हेही विचारावे. कागदांना वाळवी लागते, म्हणून नक्कल त्याच दिवशी, तेथेच बसून करावी.